विंडोज ११ टाकलं आणि दुसरा मॉनिटर रुसला? केबल घ्यायच्या आधी हे करून बघा

विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, त्यामुळे बऱ्याच जणांनी ११ टाकलं आणि ओळखीतल्या लोकांकडून हल्ली एकच तक्रार येते, अपग्रेड नीट झालं पण दुसरा मॉनिटर काळा पडलाय, नाहीतर चालू आहे पण डावीकडचं उजवीकडे गेलंय. माझं कळकळीने सांगणं आहे की लगेच ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, म्हणजे मुंबईतला कॉम्प्युटरच्या सामानाचा बाजार, पालथा घालू नका. काल रात्रीपर्यंत तीच केबल चालत होती ना? मग ती एका रात्रीत कशी मरेल, बहुतेक वेळा गडबड ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्डशी बोलायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरची असते.

आधी दोन मिनिटांची कामं उरकून घ्या. मॉनिटरच्या बटणाने इनपुट बरोबर आहे का बघा, म्हणजे केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर वाट बघत बसलाय असं नको. मग विंडोज की आणि पी एकत्र दाबा, तिथे पीसी स्क्रीन ओन्ली असेल तर एक्स्टेंड करा. तरी काळाच असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, स्क्रीन क्षणभर लपकन जाऊन परत येते, याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो आणि उघडलेली कामं जात नाहीत. नंतर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, त्यात मल्टिपल डिस्प्लेज उघडून डिटेक्ट दाबा.

एवढं करूनही विंडोजला मॉनिटर दिसत नसेल तर मुख्य जागी या. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडिया यांच्या जागी मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर असं लिहिलेलं असेल तर दुखणं सापडलं. हा कामचलाऊ ड्रायव्हर आहे, त्याच्याकडून दोन-तीन स्क्रीनची अपेक्षाच नको. लॅपटॉप असेल तर कंपनीच्या साइटवर आपला मॉडेल नंबर टाकून विंडोज ११ चा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर कार्डच्या चिपवाल्या कंपनीकडून घ्या. गुगलवर वर येणारे ते ड्रायव्हर अपडेटर वगैरे प्लीज टाकू नका, त्यांची गरज नसते. विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स असतात, तिथेही कधी कधी ड्रायव्हर येऊन पडलेला असतो आणि कुणी बघतच नाही. उलट नवीन ड्रायव्हरनेच घोळ घातला असेल तर त्याच अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर आहे, फक्त जुना ड्रायव्हर शिल्लक नसेल तर ते बटण दाबता येत नाही. यूएसबी डॉकवरून, म्हणजे एका यूएसबी केबलने लॅपटॉपला अनेक पोर्ट देणाऱ्या डबीवरून मॉनिटर लावणाऱ्यांनी डॉक डिस्प्लेलिंक तंत्राचा आहे का ते बघा, त्याचा ड्रायव्हर वेगळा असतो आणि अपग्रेडनंतर तो नव्याने टाकावा लागू शकतो.

आता केबल. डेस्कटॉपला वेगळं कार्ड असेल तर मॉनिटर कार्डच्याच पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नाही. यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून व्हिडिओ येईलच असं नसतं, लॅपटॉपच्या स्पेसिफिकेशनमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे त्याच पोर्टातून व्हिडिओ पाठवायची सोय, लिहिलंय का बघा. ४के मॉनिटरवर माउस अडखळत चालतोय? अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, ३० हर्ट्झ दिसेल, एचडीएमआय १.४ ला ४के मध्ये तेवढंच झेपतं, ६० साठी २.० चं पोर्ट आणि त्या तोडीची केबल लागते. हे कळल्यावर खुशाल लॅमिंग्टन रोडला जा, पण दुकानदाराला नुसती एचडीएमआय द्या म्हणू नका, किती रिझोल्यूशन किती हर्ट्झ ते सांगा.

मॉनिटर दिसायला लागले की आयडेंटिफाय दाबा, स्क्रीनवर मोठे आकडे येतात, मग सेटिंग्जमधले चौकोन ओढून टेबलावर जसे ठेवलेत तसेच लावा. यात कडा नीट जुळवा, एक चौकोन जरा खाली राहिला की माउस वरच्या कोपऱ्यात अडकतो आणि माणूस वैतागतो. मुख्य स्क्रीन निवडून मेक धिस माय मेन डिस्प्ले टिक करा. आपल्याकडे वन रूम किचनमध्ये टेबल ते केवढं, स्टँड फिरणारा असेल तर दुसरा मॉनिटर उभा करा आणि ओरिएंटेशन पोर्ट्रेट ठेवा, जागाही वाचते आणि मराठीचं लांबलचक प्रूफ एका नजरेत दिसतं. रोज ऑफिसला लॅपटॉप नेणाऱ्यांनी मल्टिपल डिस्प्लेजमधलं रिमेंबर विंडो लोकेशन्स चालू ठेवाच, घरी येऊन केबल लावली की विंडो आपापल्या जागी परत जातात. एखादी हरवलीच तर ती सिलेक्ट करून विंडोज, शिफ्ट आणि बाण.

डीटीपी आणि भाषांतरवाल्यांना जास्त छळणारी गोष्ट म्हणजे अक्षरं. एक स्क्रीन १०० टक्के स्केलवर (अक्षरं-चिन्हं किती मोठी दिसतात ते प्रमाण) आणि दुसरी १५० वर असेल तर जुन्या सॉफ्टवेअरमधली विंडो तिकडे नेली की अक्षरं पुसट होतात, इंग्रजी तरी कसंबसं वाचता येतं पण रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, अशा वेळी प्रूफ तपासणं म्हणजे डोळ्यांची वाट. शक्य असेल तर दोन्हीकडे स्केल सारखं ठेवा आणि एकदा साइन आउट करून परत या. नाही जमलं तर त्या प्रोग्रामच्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे ओव्हरराइडवर टिक करून आधी अ‍ॅप्लिकेशन आणि मग सिस्टिम एन्हान्स्ड असं लावून बघा, दोन्हीपैकी ज्यात अनुस्वार टोकदार दिसेल ते ठेवा. क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरं स्पष्ट दाखवणारी विंडोजची सोय, तीही प्रत्येक मॉनिटरला वेगळं सेट करता येतं, सर्चमध्ये क्लिअरटाइप टाइप केलं की सापडतं.

काहीच जमलं नाही आणि कामाची डेडलाइन डोक्यावर असेल तर सिस्टिममध्ये रिकव्हरीत गो बॅक आहे, त्याने जुनं विंडोज परत येतं, पण साधारण अपग्रेडनंतर १० दिवसच, आणि मधल्या काळात डिस्क क्लीनअपने जुनं विंडोज उडवलं असेल तर तेही नाही, म्हणून मॉनिटर मार्गी लागेपर्यंत क्लीनअपला हात लावू नका.