हॅलोवीनसाठी शेतावरून भोपळे आणताय? या चुका टाळा

न्यू जर्सीत आल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही काय केलं, तर सप्टेंबरच्या शेवटच्या वीकेंडला पंपकिन पॅचवर, म्हणजे भोपळ्यांच्या शेतावर गेलो, म्हातारी आत बसेल एवढाले दोन भोपळे उचलून आणले आणि त्याच रात्री हौसेने, आत दिवा ठेवायला नाक-डोळे-तोंड काढून कोरूनही टाकले. हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, म्हणजे महिनाभर लांब! आठवड्यात त्यांची तोंडं कवळी काढल्यासारखी आत गेली, आतून काळी बुरशी, आणि पायरीवर जे पाणी सुटलं त्याचा डाग अजून तिथेच आहे. पार्टीला शेवटी प्लॅस्टिकचे भोपळे.

तर आणायची घाई केली तरी चालेल, कोरायची नको. अख्खा भोपळा थंड, कोरड्या जागी दोन-तीन महिने राहतो, कोरलेला फार तर आठवडा, हवा उबदार असेल तर तीन-चार दिवसच. आम्ही आता २९ तारखेच्या आधी सुरीच काढत नाही.

दुसरी चूक जवळपास प्रत्येकजण करतो, मीही केली: देठाला धरून उचलणे. ते हँडल नाहीये हो! देठ तुटला की सड तिथूनच आत शिरते, त्यामुळे खालून दोन्ही हात घालून उचला, आणि वेलीवरून स्वतः तोडणार असाल तर पिळून ओढू नका, कात्रीने कापा, तीन-चार इंच देठ ठेवून. घेताना बुडाशी अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागलं की सोडून द्या. एका बाजूला फिकट पिवळा डाग असेल तर मात्र घाबरू नका, ती जमिनीला टेकलेली बाजू, घरी भिंतीकडे करायची. कडक फ्रॉस्ट (गोठवणारं हिमदव) पडून गेल्यावर शेतात राहिलेले भोपळे स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, वरून छान दिसतात आणि चार दिवसांत पाणचट होतात.

आता ते छोटे गोर्ड, म्हणजे शोभेचे भोपळे, चामखिळीवाले, बदकासारखी मान असलेले. सासूबाई आलेल्या तेव्हा सजावटीच्या ट्रेमधला एक चिरून त्यांनी भाजीच टाकली, नशीब चव बघितली, कडूजहर! शोभेच्या गोर्डमध्ये कुकरबिटासिन नावाचं कडू, विषारी द्रव्य भरपूर असू शकतं, शिजवून ते जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात, म्हणून ट्रे स्वयंपाकघरात ठेवूच नका. घारगे करायचे तर छोटा शुगर पाय पंपकिन, म्हणजे खायचा गोड भोपळा आणा, कोरायचे मोठे भोपळे नुसते पाणी आणि दोरे.

बर्डहाउस गोर्ड, ज्याची वाळवून पक्ष्यांची घरटी करतात तो, म्हणजे जातीने आपला दुधीच, मिरजेचे तंबोरे होतात त्या भोपळ्याचा भाऊबंद. तो वाळायला महिनेच्या महिने लागतात, आतल्या बिया खुळखुळ वाजल्या की समजा वाळला. ओल्यावरच रंग फासला तर ओल आत कोंडते आणि रंगासकट सडतो, त्यामुळे याच पार्टीला रंगवायचा असेल तर वाळलेलाच विकत घ्या.

कोरताना झाकण वरून कापण्यापेक्षा बुडाला किंवा मागे भोक पाडा, वर देठ शाबूत राहतो. आतला गर अगदी खरवडून काढा, भिंत इंचभर राहू दे. आणि आत ठेवायचा दिवा एलईडीचा. २०२४ ला दिवाळी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली, तेव्हा आहेतच पणत्या म्हणून एक आत ठेवली, वरचं झाकण भाजून निघालं आणि दारात आकाशकंदिलाखाली करपलेल्या भाजीचा वास.

कोरलेल्या भोपळ्याने सुकून मान टाकली असेल तर बादलीभर गार पाण्यात काही तास बुडवा, एका रात्रीपुरता तरी ताठ होतो. मांडताना लाकडी टेबलावर खाली पुठ्ठा घाला, आणि सगळे एकाच मापाचे घेऊ नका, इथे आवळ्या-भोपळ्याची मोटच छान दिसते. खारी कुरतडणारच, आमच्याकडे दरवर्षी एका भोपळ्याचं नाक जातं, म्हणून एक जास्तीचा आणतो.