पॅनलला टेकलेली खुर्ची: वर्कशॉपमधलं चुंबकीय क्षेत्र कमी कसं करावं

लहान कारखान्यात जागा कमी, त्यामुळे स्टोअरकीपरचं टेबल बरेचदा मेन पॅनलच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं असतं. पॅनलमधून वाहणाऱ्या करंटभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते विटांच्या भिंतीने अडत नाही.

यात घाबरण्यासारखं किती? 50 हर्ट्झला (आपल्या विजेची वारंवारता) कामगारांसाठी 2010 ची आंतरराष्ट्रीय मर्यादा 1000 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे; साध्या वर्कशॉपमध्ये बसण्याच्या जागी आकडा सहसा याच्या खूप खाली असतो. 2002 मध्ये अशा क्षेत्रांची नोंद ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात झाली, ती मुख्यतः लहान मुलांच्या ल्युकेमियावरच्या अभ्यासांमुळे. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. म्हणून स्वस्तात होईल तेवढं जरूर करावं, कर्ज काढून नव्हे. पेसमेकर असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी वेल्डिंग मशीनजवळ काम करण्याआधी डॉक्टरांना विचारावंच.

आधी मोजा. 50 हर्ट्झचा गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) भाड्याने आणा किंवा कुणाकडून मागून घ्या. मोबाइलमधलं ॲप या कामाचं नाही. सगळी मशीन चालू असताना खुर्चीच्या उंचीवर मोजा.

मग अंतर वाढवा. ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरपासून दूर गेलं की क्षेत्र झपाट्याने उतरतं. टेबल समोरच्या भिंतीला न्यायला दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो. टेबलाच्या जुन्या जागी रॅक लावा.

आता टाँग टेस्टर, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणारा जबड्याचा मीटर. खरे पैसे इथे वाचतात. डीबीला (वीज वाटून देणाऱ्या बोर्डला) जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रलच्या सगळ्या वायरी एकत्र जबड्यात घ्या (अर्थिंगची वायर बाहेर ठेवा). जाणारा आणि परतणारा करंट एकमेकांना रद्द करतात, म्हणून काटा शून्याजवळ हवा. 10 अँपिअर दिसले, तर तेवढा करंट अर्थिंगमधून किंवा पाण्याच्या पाइपमधून परततोय. तो एकटा 1 मीटरवर सुमारे 2 मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार करतो. बहुतेक वेळा कुणीतरी पुढच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून ठेवलेलं असतं. याच दोषामुळे ईएलसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारी सुरक्षा स्विच) सारखी ट्रिप होते, काम थांबतं आणि शेवटी वायरमन तीच बायपास करून मोकळा होतो. परवानाधारक माणसाकडून हा जोड सोडवून घ्या. क्षेत्र उतरतं, शॉकचा धोका टळतो, उत्पादनाचा खोळंबा थांबतो.

एकेरी (प्रत्येक फेजची वेगळी) केबल असतील तर तिन्ही फेज त्रिकोणात चिकटवून बांधा. वेल्डरने केबल खांद्यावर किंवा कमरेभोवती गुंडाळू नये. जाणारी आणि परतीची केबल जोडीने, शरीराच्या एकाच बाजूला ठेवावी.

कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटपैकी किती खऱ्या कामाला येतो त्याचं प्रमाण) 0.7 वरून 0.95 वर आणला तर तेवढ्याच कामाला करंट सुमारे 26 टक्के कमी लागतो. त्या केबलचं क्षेत्रही तेवढंच घटतं आणि केबलमधला उष्णतेचा तोटा जवळपास निम्मा होतो. कपॅसिटर मशीनजवळ बसवले तरच मशीनपर्यंतच्या केबलला हा फायदा मिळतो.

शिसं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही. खास मिश्रधातूचं शील्डिंग चालतं, पण महाग पडतं. ते नाजूक मोजमाप यंत्रांच्या खोलीसाठी ठेवा. आणि ‘रेडिएशनरोधक’ स्टिकर विकायला कुणी आला, तर त्याच्यासमोरच गॉसमीटर लावून दाखवा.