भंगारवाला दारात येण्याआधी

घट बसायच्या आधी घरोघर दसरा काढायला घेतात. गोधड्या, पांघरुणं धुवायला निघतात आणि माळ्यावरच्या बाटल्या, बरण्या, तडकलेले टब अंगणात येतात. याच दिवसांत भंगाराच्या गाड्यांच्या फेऱ्याही वाढतात. पण गाडीची हाळी ऐकून गोळा करायला धावलात, तर सगळं एकाच पोत्यात कोंबलं जातं. लोणच्याच्या तेलाने बाकीचा माल माखतो आणि फुटक्या काचेने हात कापतो तो पुढे गोदामात बसून निवडणाऱ्या बाईचा. निवडण्याचं काम घरातच उरकायचं, म्हणून चार दिवस आधी तीन रिकामी पोती आणि एक जाड खोकं काढून ठेवा. एक पोतं काचेला, एक कडक प्लास्टिकला, एक पिशव्यांना. खोकं फुटक्या काचेसाठी.

मग धुणं. लख्ख घासायची गरज नाही, खरकटं आणि तेल गेलं की झालं. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गल्लीत बाटल्यांवर प्यायचं पाणी घालवणं शहाणपणाचं नाही. भांडी विसळलेलं शेवटचं पाणी बादलीत धरा. थोडं एका बाटलीत घालून, झाकण लावून खळखळवा आणि तेच पुढच्या बाटलीत ओता. तेलाची कॅन मात्र रात्रभर उपडी ठेवा आणि निथळलेलं तेल वातीला वापरा. धुतलेलं सगळं उन्हात टाका. ओल्या मालाचं वजन वाढतं हे भंगारवाल्यालाही कळतं, तो भाव पाडणारच.

प्लास्टिक निवडताना वस्तू उलटी करा. बुडाशी छोटा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांवर 1, म्हणजे पेट. शाम्पूच्या बाटल्या, तेलाच्या कॅन बहुतेक 2. दुधाची पिशवी 4 आणि डबे, झाकणं बरीचशी 5. 1, 2 आणि 5 ला गिऱ्हाईक हमखास असतं. बाटली चेपा, झाकण वेगळं टाका. चुकून राहिलंच तरी फार बिघडत नाही: कारखान्यात बाटल्यांचा चुरा हौदात टाकतात तेव्हा पेट बुडतं आणि झाकणाचा चुरा वर तरंगतो.

खरी अडचण 3 आकड्याची, म्हणजे पीव्हीसीची. आपल्याकडे बोअरच्या आणि शेतातल्या पाइपांचे तुकडे घरोघरी पडलेले असतात. पीव्हीसी पेटसारखाच बुडतो, त्यामुळे हौदात तो वेगळा निघत नाही. पेट वितळायला लागते तेवढ्या उष्णतेत त्यातून आम्ल सुटतं आणि चांगला माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात. पाइपचे तुकडे सुतळीने वेगळे बांधून द्या. ठिबकच्या जुन्या नळ्यांचीही वेगळीच मोळी करा, पण माती झटकून. मातीसकट कोणी धड भाव देत नाही. आणि बंब पेटवायला यातलं काहीही वापरू नका. विशेषतः पीव्हीसीचा धूर घशाला झोंबतो तो त्याच आम्लामुळे.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या या पोत्यांत येताच कामा नयेत. औषध संपलं की तिथेच बाटलीत तीनदा पाणी घालून हलवा, ते पाणी पंपात ओता आणि बाटलीला भोकं पाडा. भोकं पाडायची ती कोणी पुढे त्यात तेल किंवा रॉकेल भरू नये म्हणून. दुकानदार परत घेतो का, ते विचारा.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. तो इवलासा तुकडा पुढे कोणाच्याच हाती लागत नाही. चिप्सची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या भंगारवाला घेणार नाही. त्यांत प्लास्टिक आणि चंदेरी थर एकमेकांना चिकटलेले असतात. मेलामाइनच्या ताटल्या आणि कुकरची मूठ तर पुन्हा वितळतच नाहीत. महालक्ष्म्यांच्या आराशीतला थर्माकोलही घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यातच. 2022 च्या 1 जुलैपासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आहे, तरी माळ्यावर तो निघतोच. शिळ्या पोळ्या कॅरीबॅगमध्ये बांधून रस्त्यावर ठेवू नका, गाय पिशवीसकट गिळते.

काच वजनाला भारी आणि भावाला हलकी, म्हणून पुष्कळ भंगारवाले तिला नाक मुरडतात. न फोडलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी. बिअरच्या बाटल्या धुऊन पुन्हा भरतात आणि वाळूजला बिअरचे कारखानेच आहेत, तेव्हा तोंडाशी टवका नसलेली अख्खी बाटली जपा. सॉस, जाम, औषधांच्या बाटल्या एका पोत्यात चालतात, पण पांढरी काच रंगीत काचेपासून वेगळी केली तर बरं. चिनी मातीची बरणी, कपबशी काचेत घालू नका. भट्टीत काच वितळते, चिनी माती नाही. तिचा खडा नव्या बाटलीत राहतो आणि बाटली तिथेच तडकते. आरसा, ओव्हनमधली भांडी, काचेचे चहाचे मग वेगळे ठेवा, त्यांची काच बाटलीच्या काचेशी जुळत नाही. फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरा, चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा.

ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडायचे नाहीत, त्यांत पारा असतो. घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या. इन्सुलिनच्या सुया झाकण घट्ट बसणाऱ्या जाड डब्यात घालून तशाच वेगळ्या द्या.

गाडी आली की पोती एकेक करून मोजायला लावा, आधी रिकामा काटा शून्यावर आहे का बघा. पाइप आणि पेटचा भाव वेगवेगळा विचारा. बिअरच्या बाटल्या किलोवर देऊ नका, नगावर द्या.