सी ड्राइव्ह लाल झालाय? आधी हे करा
कॉम्प्युटरचा सी ड्राइव्ह लाल दिसला, म्हणजे त्यातली जागा संपत आली, की लोक आधी फोटो उडवायला घेतात, ते नका करू. पहिलं डाउनलोड्स उघडा आणि साइझनुसार सॉर्ट करा, माझ्याकडे एकाच सॉफ्टवेअरचा सेटअप तीनदा पडला होता, आता बोला! आणि डिलीट केलंत तरी रिसायकल बिन रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही हं.

मग सर्चमध्ये डिस्क क्लीनअप शोधा, त्यात 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा, मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर तिथे जुनं विंडोज सापडेल, ते एकटंच कित्येक जीबी खाऊन बसतं, पण ते काढलं की मागच्या व्हर्जनवर परत जाता येत नाही, म्हणून सगळं नीट चालतंय ना बघून मगच टिक करा. यादीत डाउनलोड्सवर टिक दिसली तर मात्र ती टिक आधी काढा, नाहीतर त्या फोल्डरमधलं सगळंच उडेल.