एटीव्हीच्या सस्पेन्शनची बेअरिंग्ज पाण्याने आणि मातीने का जातात : या चुका टाळा

माळव्यात एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी जाड टायरांची चारचाकी, वापरणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मागच्या बाजूने कुरकुर ऐकू येऊ लागते, वळताना गाडी किंचित बाजूला सरकल्यासारखी वाटते आणि गॅरेजमध्ये उघडून पाहिले की सस्पेन्शनची बेअरिंग्ज गंजून जाम झालेली आढळतात. खापर अर्थातच काळ्या मातीवर फुटते. इंदूरजवळच्या महू, चोरल, सिमरोल या बाजूच्या शेतांतून आणि कच्च्या वाटांवरून फिरणाऱ्या गाडीला चिखल लागणारच. पण सील, म्हणजे बेअरिंगच्या कडेला बसवलेली रबरी कडी, शाबूत असेल, तर त्यातला फारच थोडा आत शिरतो. ही सील बहुतेक वेळा गाडी धुताना, ग्रीस भरताना किंवा सुटे भाग बसवताना निकामी होतात, आणि त्यानंतर आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही.

आपल्या गाडीत कोणते बेअरिंग कुठे आहे, हे आधी पाहून घ्यावे. मागे एकच स्विंगआर्म (मागचा अ‍ॅक्सल धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) असलेल्या स्पोर्ट प्रकारच्या एटीव्हीत स्विंगआर्मच्या पिव्हटला, म्हणजे तो ज्या बोल्टभोवती हलतो त्या जागी, आणि शॉकच्या लिंकेजला (शॉक व स्विंगआर्म यांमधल्या जोडदांड्यांना) नीडल बेअरिंग्ज, म्हणजे बारीक सुयांसारख्या रोलरची बेअरिंग्ज, असतात, तर मागच्या अ‍ॅक्सलला बॉल बेअरिंग्ज असतात. शेतीकामाच्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत बहुधा चारही चाकांना ए-आर्म (चाक चासीला जोडणारे A आकाराचे दांडे) असतात. त्यांच्या पिव्हटला प्लॅस्टिकचे किंवा धातूचे बुश आणि त्यांत स्टीलची स्लीव्ह, टोकाला बॉल जॉइंट आणि हबमध्ये बॉल बेअरिंग अशी रचना असते. अ‍ॅक्सलचे आणि हबचे बेअरिंग गोल फिरते. पिव्हटचे मात्र काही अंशांत पुढेमागे हलते. ग्रीस किती भरायचे आणि बिघाड कसा दिसतो, हे पुष्कळसे या फरकावर अवलंबून असते.

धुण्याच्या हौसेत सील फाडणे

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ साली देशात पहिले आलेले आणि त्यानंतरही तो मान सोडायला तयार नसलेले इंदूर गाडी मळकी ठेवणे कमीपणाचे मानते. रविवारी फेरफटका मारून आलेली एटीव्ही घरी नेण्याआधी वॉशिंग सेंटरवर उभी केली जाते आणि तिथला मुलगा फवाऱ्याची नळी थेट पिव्हटच्या खाचेत धरतो, कारण सर्वांत जास्त चिखल तिथेच साचलेला असतो. घरगुती प्रेशर वॉशरचा दाबसुद्धा १०० बारच्या आसपास असतो. उलट साधे ऑइल सील अर्ध्या बारपर्यंतच्या दाबासाठी बनवलेले असते. सीलचा ओठ आतले ग्रीस धरून ठेवण्यासाठी आणि बाहेरची धूळ अडवण्यासाठी असतो. अशा धारेपुढे तो दुमडतो, पाणी बारीक मातीसह आत जाते आणि धार थांबताच ओठ पुन्हा जागेवर बसतो. बाहेरून सारे चकचकीत दिसते. आत मात्र पाणी कोंडलेले राहते.

याला जोडूनच दुसरी चूक होते. लांब उतारावरून ब्रेक दाबत आल्यावर डिस्क आणि हब चांगलेच तापलेले असतात. त्यांवर लगेच गार पाणी मारले, किंवा तापलेली गाडी तशीच नदीच्या उथळ पात्रात घातली, की हबमधली हवा एकाएकी आकुंचन पावते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. गाडी अर्धा तास सावलीत उभी करून मग धुवावी, एवढा साधा उपाय आहे. पाण्यात उतरण्यापूर्वीही पाचदहा मिनिटे थांबणे शक्य असते, पण सोबतची मंडळी पुढे निघालेली असली की ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

तरीही गाडी धुतलीच पाहिजे, कारण काळी माती तशीच ठेवणे हेही वाईटच. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि सुकताना आकसते. पिव्हटच्या खाचेत भरलेला चिखल वरून कडक कवचासारखा झाला तरी आतून बरेच दिवस ओला राहतो आणि सीलच्या कडेशी ती ओल टिकून राहते. म्हणून साध्या नळीच्या कमी दाबाच्या पाण्याने चिखल आधी भिजवावा, पंधरा-वीस मिनिटांनी लाकडी पट्टीने आणि ब्रशने सोडवावा आणि मग पाणी ओतून वाहून जाऊ द्यावा. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल, तर तो फूटरेस्टखाली, मडगार्डच्या आत आणि टायरवर वापरावा. पिव्हट, हब, लिंकेज आणि बॉल जॉइंटच्या रबरी बुटापासून धार दूर ठेवावी.

ग्रीस निप्पल न पुसणे, आणि गन दाबतच राहणे

ग्रीस निप्पलच्या, म्हणजे ग्रीस गन लावायच्या छोट्या तोटीच्या, तोंडावर बसलेली धूळ न पुसता गन लावली, की ती धूळ ग्रीसबरोबर थेट बेअरिंगमध्ये ढकलली जाते. गाडीची काळजी घेणाऱ्या माणसाकडून ही चूक अधिक होते, कारण तो वारंवार ग्रीस भरतो. निप्पल फडक्याने पुसावे, गनचे तोंडही पुसावे आणि काम झाल्यावर निप्पलवर प्लॅस्टिकची टोपी घालावी.

हाताने दाबायच्या ग्रीस गनचा दाबही काही शे बारपर्यंत सहज जातो. निप्पलच्या बाजूने ग्रीस आत जात नसेल, तर जोर वाढवणे हा उपाय नव्हे. जुने ग्रीस घट्ट होऊन वाट बंद झाली असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी दाब वाढवला की सील जागेवरून बाहेर सरकते. हळूहळू दाबावे आणि सीलच्या कडेने ताजे ग्रीस डोकावू लागले की थांबावे. बाहेर आलेले ग्रीस पुसून टाकणे आवश्यक आहे. बरेच जण ते ‘पाण्यापासून संरक्षण’ म्हणून मुद्दाम तसेच ठेवतात, पण उन्हाळ्यातला फुफाटा त्याला चिकटला की त्याची पॉलिश पेस्ट होते आणि सीलचा ओठ हळूहळू घासला जातो. सीलच्या आतल्या ओठाला ग्रीस लावणे योग्य, बाहेर थापणे अयोग्य.

कोणते ग्रीस वापरावे, हा प्रश्न नेहमी येतो. सगळीकडे सहज मिळते ते एपी-३ हे लिथियमचे ग्रीस आहे आणि कोरड्या कामाला ते पुरेसे आहे. पण ज्या गाडीला पाणी नित्याचे आहे, तिच्या पिव्हटसाठी कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स प्रकारचे ग्रीस घ्यावे, कारण पाण्याने ते सहजासहजी धुऊन जात नाही आणि गंजही चांगला रोखते. वेगवेगळ्या प्रकारची ग्रीस एकत्र करू नयेत. पॉलियुरिया किंवा बेंटोनाइट मातीवर आधारलेले ग्रीस लिथियमच्या ग्रीसमध्ये मिसळले, तर मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. प्रकार बदलायचा असेल, तर जुने ग्रीस संपूर्ण काढून मगच नवे भरावे.

नीडल बेअरिंगला ‘आता नवीन गाडी आहे’ म्हणून न उघडणे

पुष्कळ गाड्यांच्या लिंकेजला ग्रीस निप्पल नसतेच. याचा अर्थ ‘ग्रीसची गरज नाही’ असा घेतला जातो. खरे तर तो भाग उघडून हाताने ग्रीस भरायचा असतो.

असा एखादा स्विंगआर्म दोन पावसाळ्यांनंतर उघडून पाहावा. पिव्हटचा बोल्ट आधी निघतच नाही. गंज सोडवणारे भेदक तेल घालून, एक रात्र ठेवून, मग लाकडी ठोकळा मधे धरून तो ठोकावा लागतो. बाहेर आलेल्या स्टीलच्या कॉलरवर (बेअरिंगच्या आत बसणाऱ्या नळीवर) बोट फिरवले की नखाला एकसारख्या अंतरावर खाचा लागतात, आणि त्या कॉलरच्या फक्त एका बाजूला असतात. ग्रीसचा रंग तांबूस तपकिरी झालेला असतो आणि काही सुया सैल होऊन तळहातावर पडतात. या खाचांचे कारण त्या बेअरिंगच्या हालचालीतच आहे. चाकाचे बेअरिंग गोल फिरते, त्यामुळे ग्रीस सगळीकडे फिरते आणि भारही सगळ्या गोळ्यांवर वाटला जातो. स्विंगआर्मचे बेअरिंग मात्र थोड्याशा कोनात हलते, म्हणून त्याच सुया त्याच जागी सतत दाबल्या जातात, तिथले ग्रीस बाजूला सरते आणि परत येत नाही. त्यात पाणी शिरले, तर गंज नेमका त्याच जागी धरतो आणि हादऱ्यांनी त्याची भुकटी होऊन ती घासायचे काम करते.

म्हणून नवी गाडी आल्यावर पहिल्या पावसाळ्यापूर्वी स्विंगआर्म आणि लिंकेज एकदा उघडावेच; कारखान्यातून भरलेले ग्रीस पुष्कळदा बेताचेच असते. नीडल बेअरिंगची पोकळी ग्रीसने पूर्ण भरली तरी चालते, किंबहुना भरावीच, कारण गती कमी असल्याने ते तापण्याचा प्रश्न येत नाही आणि भरलेल्या पोकळीत पाण्याला जागा उरत नाही. वेगाने फिरणाऱ्या चाकाच्या बेअरिंगला हा नियम लावू नये. तिथे मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्मे ग्रीस पुरे, त्याहून जास्त भरले तर ते घुसळून तापते आणि सील फुगवते.

पिव्हटच्या बोल्टच्या गुळगुळीत भागालाही ग्रीसचा पातळ थर द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी हातोडा लागणार नाही. आटे मात्र कोरडे ठेवावेत, अन्यथा टॉर्क पान्याने दिलेला आकडा फसवा ठरतो. बोल्ट किती घट्ट करायचा, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. ‘हाताला बरा लागला’ या मापावर तो कसला, तर स्विंगआर्म जाम चालतो किंवा कडेच्या थ्रस्ट वॉशरवर भार येतो.

नवे बेअरिंग, जुने सील

सील मूल्याने बेअरिंगच्या मानाने किरकोळ असते, तरीही बेअरिंग बदलताना जुनेच सील परत लावण्याची कंजुषी सर्रास होते. काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटलेल्या सीलचा ओठ आधीच वाकडा झालेला असतो. कॉलरचेही तसेच: खाचा पडलेल्या कॉलरवर नवे नीडल बेअरिंग बसवले, तर ते थोड्याच काळात त्याच खाचांत रुतते. बेअरिंग, कॉलर आणि दोन्ही सील हा एकच संच समजावा.

बाजारात बेअरिंग घेताना नंबर पाहून थांबू नये, नंतरची अक्षरेही वाचावीत. इंदूरच्या सियागंज बाजारातल्या दुकानदाराला नुसता ‘६२०५’ सांगितला, तर तो झेडझेड देण्याची शक्यता तेवढीच असते. झेडझेडची पत्र्याची झाकणे रिंगला टेकत नाहीत. त्यांतून धूळ कशीबशी अडते, पाणी नाही. २आरएस असलेल्या बेअरिंगला दोन्ही बाजूंनी रबरी सील असते आणि ओल्या वापरासाठी तेच हवे. दर फारच कमी सांगितला जात असेल, तर खोके नीट पाहावे, कारण नामांकित कंपन्यांची नकली बेअरिंग्ज बाजारात असतात. सील घेताना जुन्यावरील तीन मापे, म्हणजे आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, नोंदवून न्यावीत.

बसवताना हातोड्याने थेट ठोकू नये. हाउसिंगमध्ये घट्ट बसणाऱ्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवरच दाब द्यावा. आतल्या रिंगवर ठोकले की तो धक्का गोळ्यांमधून जातो आणि नव्या बेअरिंगमध्ये पहिल्याच दिवशी खड्डे पडतात. पत्र्याच्या कवचाच्या नीडल बेअरिंगला ज्या तोंडावर अक्षरे कोरलेली असतात त्या बाजूने, जुळणाऱ्या मापाचा सॉकेट किंवा ठोकळा ठेवून प्रेस करावे. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि हाउसिंग हीट गनने थोडे तापवले, तर बसवणे सोपे जाते. जवळ प्रेस नसेल, तर लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट यांनीही हळूहळू ओढून बसवता येते.

कुरकुर नेमकी कुठून येते, हे न पाहताच सुटे भाग मागवणे

गाडी स्टँडवर घेऊन चाके अधांतरी ठेवावीत. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला, तर सोबतीला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवावे: ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा होत असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये असतो, तसाच राहत असेल तर बॉल जॉइंट किंवा ए-आर्मचे बुश पाहावेत. पुढच्या चाकाला तीन आणि नऊच्या जागी धरूनच प्ले येत असेल, तर स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोके तपासावीत. स्विंगआर्मसाठी शॉकचा खालचा बोल्ट काढावा, मागचे टोक धरून आर्म आडवा हलवावा आणि मग वर-खाली सोडून पाहावा. आडवा खटका म्हणजे झीज, आणि खाली येताना मध्येच अडणे म्हणजे गंज किंवा गरजेपेक्षा जास्त कसलेला बोल्ट. शॉक जोडलेला असताना ही तपासणी केली, तर स्प्रिंगच्या ताणाने प्ले लपून जातो.

बाहेर येणारे ग्रीस पाहूनही पुष्कळ कळते. दुधाळ पांढरे ग्रीस म्हणजे पाणी शिरले आहे, पण गंज अजून धरलेला नसावा; अशा वेळी उघडून स्वच्छ केले तर बेअरिंग बहुधा वाचते. तांबूस ग्रीस म्हणजे गंज सुरू झालेला आहे. बोटांत चोळल्यावर करकरणारे काळे ग्रीस म्हणजे माती, आणि उन्हात धरल्यावर चांदीसारखे चमकणारे म्हणजे धातूच झिजून त्यात आलेला आहे. या शेवटच्या प्रकारात धुऊन परत भरण्यात वेळ घालवू नये, संच बदलावा.

उघडे बेअरिंग डिझेलमध्ये किंवा रॉकेलमध्ये धुवावे, कापडावर ठेवून पूर्ण निथळू द्यावे आणि कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवू नये, कारण ग्रीसविना वेगाने फिरलेल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर चरे उमटतात. २आरएस बेअरिंग द्रावणात बुडवूच नये. त्याच्या सीलमधून आतले ग्रीस विरघळून निघते आणि भरून देता येत नाही.

गाडी हबपर्यंत पाण्यात गेली असेल, तर घरी आल्यावर ती उभी करून न ठेवता कोरड्या वाटेवर काही किलोमीटर चालवावी, ब्रेक हलके दाबत राहावे, म्हणजे हब कोमट होऊन ओल कमी होईल. निप्पल असलेल्या सगळ्या जागी त्याच संध्याकाळी ग्रीस भरून आतले पाणी बाहेर ढकलावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नये. निप्पल नसलेल्या लिंकेजचा एखादा बोल्ट त्या आठवड्यात काढून पाहावा. कॉलर कोरडी आणि ग्रीस आपल्या मूळ रंगाचे दिसले, तर बाकीचे जोड पावसाळा सरेपर्यंत न उघडता ठेवता येतात.