गोठलेल्या मातीवर काम करताय? या चुका टाळा

उत्तर स्वीडनमध्ये अबिस्को गावाच्या पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर स्टोर्डालेनची दलदल आहे. खालची जमीन अजून गोठलेली असलेले उंच, कोरडे उंचवटे, म्हणजे पाल्सा. अर्धवट वितळून स्फॅग्नम शेवाळाने भरलेला भाग. आणि पुरती वितळून पाण्यात उभं राहिलेलं कापूसगवत, हे तिन्ही तिथे चालत चालत बघता येतं. मातीतून येणारा मिथेन वायू आणि मातीतले जीवाणू-विषाणू मोजत मी तिथे काही उन्हाळे काढले आहेत. दर वर्षी नवी मुलं येतात, हुशार असतात, आणि नेमक्या त्याच चुका करतात. आपण मोजतोय ते मातीचं की आपल्या हाता-पायाचं, हा प्रश्न कोणी आधी विचारतच नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फळ्यांची वाट सोडून दलदलीत पाय टाकणं. माझ्या पहिल्या जुलैत मीही हेच केलं होतं. मिथेन मोजायला जमिनीवर उपडा ठेवतात तो बंद डबा, म्हणजे चेंबर, थोडा कलला होता, तो सरळ करायला मी फळीवरून एकच पाऊल खाली उतरले. बुटाखालून बुडबुडे आले, त्यांचा आवाजही ऐकू आला. लक्षात आलं नाही असं म्हणणार नाही. मी दुर्लक्ष केलं. अर्ध्या तासात चेंबरमधल्या हवेने चार सिरिंज भरल्या. संध्याकाळी आलेख काढला, तर पहिल्याच आकड्याला मोठी उडी आणि पुढे जवळजवळ सपाट रेघ. जमिनीतून मिथेन संथपणे येत असता तर रेघ हळूहळू चढायला हवी होती. पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीत, अडकलेला वायू माझ्या वजनाने बाहेर पडला होता. त्या दिवसापासून मागे जाऊन वहीतल्या नोंदी तपासल्या आणि तीन दिवसांचे आकडे काढून टाकावे लागले.

आता मी चेंबर कॉलरवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या कड्यावर, ठेवण्याआधी फळीवर दहा मिनिटं नुसती उभी राहते. नळी दोन मीटर लांब घेते, म्हणजे वाकावं लागत नाही. मुलांना ही दहा मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. मला तीन दिवस जास्त महाग वाटतात.

चेंबरमध्ये मावत नाही म्हणून कापूसगवत कापू नका. त्याच्या पोकळ देठांतून मिथेन थेट हवेत जातो आणि वरच्या थरात मिथेन खाणारे जीवाणू असतात त्यांना चुकवतो. गवत कापलंत की वाटच बदलली. उंच चेंबर वापरा.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हाळ्याची आहे: गोठलेल्या मातीचा गाभा, म्हणजे ड्रिलने काढलेला लांब दंडगोल, आणायचा, 'थोडा मऊ होऊ दे, मग कापू' म्हणून टेबलावर ठेवायचा, आणि उरलेला परत उणे ८०च्या फ्रीजरमध्ये टाकायचा. एका मुलाने असं दोनदा केलेलं मला महिन्याभराने कळलं. त्याच्या नमुन्यांत विषाणूंची संख्या बाकीच्यांपेक्षा वेगळी येत होती आणि तो आनंदात होता, काहीतरी नवीन सापडलं म्हणून. वितळताना आणि पुन्हा गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात, आतलं बाहेर येतं. ऊब मिळाली की काही जीवाणू लगेच जागे होतात, काहींच्या जनुकसंचात दडलेले विषाणूही जागे होऊ शकतात. आरएनए तर फार लवकर विरतो. त्याने जे शोधलं होतं ते कदाचित टेबलावरच घडलं होतं. ते सांगताना मलाच वाईट वाटलं, कारण मुलगा मेहनती होता.

माझी पद्धत साधी आहे. ड्राय आइसवर गार केलेल्या ताटात, छिन्नीने, गाभा गोठलेला असतानाच फोडायचा. बाहेरचा थर तासून टाकायचा, कारण ड्रिलसोबत वरची माती खाली जाते. मग लहान लहान पुड्या करायच्या. एक पुडी एकदाच उघडायची.

मिथेन करणारे आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव) म्हणजे गोबरगॅसच्या टाकीतल्यांचीच भावकी. त्यांना प्राणवायू चालत नाही. माती मोकळ्या हवेत चाळून मग 'मिथेन का येत नाही' विचारू नका. नायट्रोजन भरलेल्या पिशवीत काम करा. आणि मिथेन येतो का ते बघायला माती भरलेल्या बाटल्या २५ अंशांवर ठेवू नका. खालची माती उन्हाळ्यातही काही अंशांवरच असते.

मातीतून काढलेला डीएनए चहासारखा तपकिरी आला तर त्यात ह्युमिक आम्ल, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींतलं तपकिरी द्रव्य, आहे. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती करायची पद्धत, चालणार नाही. आधी दहापट पातळ करून बघा, महागडी किट नंतर.

विषाणूंबद्दल थोडं जास्त. जीवाणू ओळखायला वापरतात ते १६एस जनुक वाचून विषाणू दिसत नाहीत. सगळ्या विषाणूंत सापडेल असं एकही जनुक नाही. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलंत तर महाकाय विषाणू वरच राहतात, हे अहवालात लिहा. आणि विषाणूच्या डीएनएच्या तुकड्यावर साखळी शर्करा तोडणारं जनुक दिसलं, की लगेच 'विषाणू कार्बनचक्र चालवतात' असं लिहायची घाई करू नका. ते जनुक तुकड्याच्या टोकाला असेल, तर ते जीवाणूचंच असण्याची शक्यता मोठी. २०१८ मध्ये स्टोर्डालेनच्या नमुन्यांतून १,९०७ विषाणू-समूह नोंदले गेले, तेव्हा अशा जनुकांपैकी एका मॅनन (वनस्पतींतली एक साखळी शर्करा) तोडणाऱ्या एन्झाइमचं काम प्रयोगशाळेत प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं. निदान दोन्ही बाजूंना विषाणूची ओळखीची जनुकं आहेत का, एवढं तरी डोळ्यांनी बघा. मी अजूनही प्रत्येक तुकडा छापून, पेन्सिलने खुणा करून बघते.

राहिली कोरी नळी. डीएनए काढायच्या प्रत्येक खेपेला एक नळी मातीशिवाय चालवा, सगळी रसायनं घालून, शेवटपर्यंत. तिच्यात काही आलं तर बाकीच्या नळ्यांतलं तेवढं वजा होत नाही. खेप पुन्हा करावी लागते.