मतदानोत्तर चाचणीचे आकडे कसे वाचावेत
चाचणीचे आकडे हाती येताच आपल्या पक्षाची बाजू घेऊन वाद घालण्यापूर्वी जागांच्या अंदाजाआधी मतांची टक्केवारी पाहावी, कारण जागा हा तिच्यावरून बांधलेला आडाखा असतो. २०१९ च्या तुलनेत २०२४ मध्ये भाजपच्या देशभरातील मतांची टक्केवारी जेमतेम एका टक्क्याने घटली, तरी जागा मात्र ३०३ वरून २४० वर आल्या. बहुतेक चाचण्यांनी भाजपच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय लोकशाही आघाडीला (रालोआ) साडेतीनशेहून अधिक जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. मुंबई वायव्य या मतदारसंघाचा निकाल तर अवघ्या ४८ मतांनी लागला, आणि इतका निसटता फरक कोणत्याही नमुन्यात, म्हणजे चाचणीसाठी विचारलेल्या मोजक्या मतदारांत, सापडत नाही. त्यानंतर नमुना किती मतदारांचा होता, प्रत्यक्ष भेटून विचारले की फोनवर, हे तपासावे. संस्थेने ते सांगितलेच नसेल, तर तो आकडा वादात पुरावा म्हणून मांडू नये.